तरंगंबाडीची सात ठिकाणं

प्रवासाला निघताना मी दोन वह्या घेते. एकीत सामानाची यादी, दुसरीत पाहायच्या ठिकाणांची. दोन्ही याद्या मी एका वहीत कधी लिहीत नाही, मधे वीस कोरी पानं सोडूनसुद्धा नाही. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. जावई तर म्हणतात, अम्मांच्या वह्यांसाठीच एक वेगळी पिशवी लागते, तिचीही नोंद तिसऱ्या वहीत असणार. मी हसते आणि विषय बदलते. गेल्या आठवड्यात इंदिरानगरहून मुलीचा फोन आला. "अम्मा, पुढच्या महिन्यात आम्ही तरंगंबाडीला जातोय. तू लहानपणी गेली होतीस ना? तिथं काय काय पाहायचं, काय काय करायचं, एक लिस्ट करून दे ना, तुझ्या पद्धतीची." मी म्हटलं, सरी, देते. फोन ठेवला आणि तोंडात चिंच आणि राखेची चव आली. इतकी वर्षं झाली तरी त्या गावाचं नाव काढलं की हीच चव येते. मुलीला यादी द्यायची तर आधी हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

आमचं घर बेंगळूरच्या बळेपेठेत होतं. आमचे लोक इथं कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नसे. अण्णा म्हणायचे, आपण किल्ल्याच्या आधीचे, अम्मा म्हणायची, मग किल्ल्यात का नाही राहिलो. अण्णा सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि घरात त्यांच्या याद्या जागोजाग चिकटवलेल्या असत. स्वयंपाकघराच्या दारामागे डब्यांची यादी, न्हाणीघरात कोण किती वाजता त्याची, देवघरात सणांची. अम्मा या याद्यांवर हळदीचे हात पुसायची, मुद्दाम. मला मात्र त्यांचा फार अभिमान होता. बाराव्या वर्षीच मी अण्णांची कारकून झाले होते. त्यांनी मला एक नियम शिकवला होता: नुसती वस्तू लिहायची नाही, ती कुणाची आणि कशासाठी, हेही लिहायचं. नाहीतर यादी आंधळी. तो नियम मी देवाच्या नावासारखा पाळत असे.

माझी बहीण, अक्का, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं नाव वत्सला, पण एक वेळ सोडली तर तिला त्या नावानं हाक मारलेली मी फक्त परक्यांच्या तोंडून ऐकली. बेंगळूरच्या हवेचं सगळ्या मुलखात कौतुक होतं. लोक निवृत्त होऊन त्या हवेसाठी इथं राहायला यायचे. आमच्या घरात त्या हवेचं कुणी कौतुक केलं की अम्मा उठून आत जायची. अक्काला दमा होता. धनुर्मासात सकाळी मंदिरातला पोंगल घ्यायला सगळी गल्ली धुक्यातून चालत निघायची तेव्हा अक्का आमच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेली असायची, आणि तिच्या छातीतून असा आवाज यायचा की कुणीतरी बाजाची पेटी उघडीच ठेवून निघून गेलं आहे असं वाटावं. अम्मा पितळी थाळीत निखारे घेऊन त्यावर धोतऱ्याची वाळलेली पानं टाकायची. वैद्यांनी सांगितलेला उपाय. तो कडवट धूर माझ्या केसांत, दप्तरात, चित्रान्नाच्या डब्यात शिरायचा. शाळेत माझ्याशेजारी बसणारी मुलगी नाक धरायची. मला त्या वासाची किळस यायची आणि किळस येते म्हणून स्वतःची लाज वाटायची. अक्का धुरातून डोकं वर काढून म्हणायची, "कुसू, तू पण ये, स्वल्प घे. फुकट आहे."

डॉक्टरांनी एकदा सांगितलं, हिला समुद्राची हवा मानवेल. अण्णांनी ते वहीत लिहून ठेवलं आणि दोन वर्षं तसंच राहू दिलं. मग तरंगंबाडीहून अक्कासाठी स्थळ आलं. तंजावरकडचे मराठी लोक, आमच्यासारखेच तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेले. मुलगा पद्मनाभ, तिथल्याच शाळेत शास्त्राचा मास्तर. आईवडील नाहीत, त्याची आत्या तुळजाबाई, मिठाच्या कचेरीतल्या एका कारकुनाची विधवा, तिनं वाढवलेला. मुलगी घेऊन चार दिवस आमच्याकडेच या, असा तिचा निरोप. अण्णा खूश झाले. स्थळ, समुद्राची हवा आणि ऐतिहासिक गाव, तिन्ही एका तिकिटात.

अम्मानं विचारलं, "दम्याचं सांगणार ना त्यांना?"

"विचारलं तर सांगू," अण्णा म्हणाले. "आपण होऊन रोगांची जाहिरात करायची पद्धत आहे का?"

"आणि विचारलं नाही तर?"

"तर नाही. अय्यो, तिथं तिला बरं वाटलं तर दमा राहिलाच कुठे सांगायला?"

यात एक लबाडी होती आणि एक आशा होती. बाराव्या वर्षी मला त्या दोन्ही एकच वाटल्या.

निघण्याआधी मी वही तयार केली. पुढच्या पानावर अण्णांनी सांगितलेली सात ठिकाणं: किल्ला, वेस, चर्चं, डेन्मार्कहून आलेल्या डेन लोकांची दफनभूमी, गव्हर्नरचा बंगला, समुद्रानं गिळलेलं देऊळ, आणि सातवं समुद्रस्नान, त्यापुढे कंसात 'अमावास्येस'. हे कंसातलं अम्माचं. पिंपळाला फक्त शनिवारी शिवायचं आणि समुद्राला फक्त पर्वाच्या दिवशी, एरवी लांबून नमस्कार, हा तिच्या माहेरचा नियम. आम्ही पोचणार होतो त्यानंतर चौथ्या दिवशी अमावास्या होती, त्यामुळे तीन दिवस समुद्राकडे नुसतं बघायचं. आणि त्याच वहीत, पान उलटलं की सामानाची यादी.

तीन ठिकाणी गाड्या बदलून शेवटी एका चिमुकल्या गाडीनं आम्ही समुद्रापाशी उतरलो. लोक म्हणतात, समुद्राचं पहिलं दर्शन माणूस विसरत नाही. मी विसरले नाही, पण मला दर्शनाआधी वास आठवतो. वाळूवर चटया टाकून मासळी वाळत घातलेली, तिच्यावर कावळे, कावळ्यांवर दगड मारणाऱ्या म्हाताऱ्या, आणि माशा इतक्या की चटई हलते आहे असं वाटावं. सकाळच्या वेळी किनाऱ्यावर पाय कुठे टाकावा हा प्रश्नच असे, कारण अर्ध्या गावाचा परसाकडचा कार्यक्रम तिथंच उरकलेला असायचा. अण्णा नाकाला उपरणं लावून सांगत होते की या गावाच्या नावाचा अर्थ गाणाऱ्या लाटांचं गाव असा आहे. मला उमासे येत होते. आणि अक्का, जी फोडणीच्या ठसक्यानंसुद्धा आडवी व्हायची, ती त्या घाणीत उभी राहून तोंड उघडून श्वास घेत होती. "कुसू," ती म्हणाली, "बघ ना, आवाज नाही." मी तिच्या पाठीला कान लावला. खरंच नव्हता.

तुळजाबाईंचं घर ऐसपैस होतं आणि तितकंच ओशट. खांबांना तेलाच्या हातांचे डाग, माजघरात पाटाशेजारीच पिकदाणी. त्या जेवता जेवता विडा थुंकून पुन्हा भाताला हात लावायच्या. त्यांची मराठी आमच्याहून जुनी वाटायची, पुढे या म्हणायच्या तरी हुकूम वाटावा अशी. "बैसा, राव, बैसा. मुलीस इकडे पाठवा." अक्का पुढे गेली तशी त्यांनी तिचा दंड चिमटीत धरून पाहिला, भेंडी पाहतात तसा. मग केसांचा वास घेतला. मग हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. अण्णा शेजारी बसून ताक पीत होते. मी अम्माकडे पाहिलं; तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं आणि ती खाली जमिनीकडे बघत होती. आज एखाद्या माणसानं बाजारात गाईला असं हाताळलं तरी चार लोक बोलतील. तेव्हा ते सगळं ताकाबरोबर चालायचं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठिकाणं पाहायला निघालो आणि तुळजाबाई छत्री घेऊन बरोबर आल्या. मला वाटलं, काय अगत्य. पहिल्या ठिकाणीच कळलं की किल्ला आम्ही पाहणार होतो आणि त्या अक्काला. किल्ल्याचे जिने त्यांनी तिला दोनदा चढायला लावले. "वरती हवा बरी आहे का, पाहून ये गे. रुमाल विसरला, पुन्हा जा." दम किती आहे ते पाहायचं, हे अम्माला ताबडतोब समजलं, तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. घरी अक्काला गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना मधल्या पायरीवर बसावं लागे. इथं ती दोन्ही वेळा वर गेली, तिनं गंजलेल्या तोफेशेजारी उभं राहून आम्हाला हात केला आणि ती हसत खाली आली. तुळजाबाईंनी मान हलवली. मी वहीत किल्ल्यापुढे खूण केली. वेशीपाशी त्यांनी तिला भर उन्हात उभं केलं, रंग उतरतो का ते पाहायला. दफनभूमीत लांबून दगडांवरची अक्षरं वाचायला लावली, नजर पाहायला. चर्चच्या दारात म्हणे गाणं म्हण. अक्कानं दारात उभं राहून विठ्ठलाचं पद म्हटलं, तर आतून एक म्हातारा बाहेर आला आणि टोपी काढून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. अण्णा प्रत्येक ठिकाणी इतिहास सांगत होते. कुणीही ऐकत नव्हतं.

पद्मनाभ मागून चालायचा, चष्मा आणि बगलेत वह्यांचा गठ्ठा. देवळापाशी मात्र तो पुढे आला. तिथलं जुनं देऊळ अर्धं समुद्रानं नेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर लाटा आपटत होत्या. तो अक्काला म्हणाला, "माझ्या लहानपणी तिकडे, तो काळा दगड दिसतो ना, तिथवर मंडप होता."

"मग तुम्ही काय करता? बघत बसता?" अक्का म्हणाली.

"बघत बसतो. संध्याकाळी वह्या इथंच तपासतो. घरात फार... बोलणं असतं."

अक्का हसली. तिचं हसणं खोकल्यात संपल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी ते नुसतं संपलं. परतताना ती मला हळूच म्हणाली, "म्हातारी जाऊ दे गं. म्हाताऱ्या काय, सगळीकडे असतात. मला इथं राहायचंय, कुसू. मी काल रात्री आडवी झोपले. किती वर्षांनी आडवी झोपले माहीत आहे?" मला माहीत होतं. आमच्या घरी ती तीन उशा पाठीला लावून बसून झोपायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची परीक्षा झाली, तिची आठवण आली तरी अजून माझ्या अंगावर काटा येतो. तुळजाबाईंना अक्काचं पाऊल पाहायचं होतं. तळवा सपाट असला तर मुलगी घर बुडवते. त्यासाठी ओल्या वाळूवर चालायला हवं होतं. अम्मा म्हणाली, "ओली वाळू म्हणजे समुद्रच की. आज पर्व नाही." तुळजाबाई म्हणाल्या, "लाट मागे गेली की वाळू आमची." तर लाट मागे गेली आणि अक्का चालली, लुगडं घोट्याच्या वर धरून, पाच पावलं. आणि ती बाई छत्री टेकून ओणवी झाली आणि प्रत्येक ठशात बोट घालून खळगा किती आहे ते पाहू लागली. दोन कोळी जाळं विणायचं थांबवून बघत होते. त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मला तमिळ येत नव्हतं, पण मी लाल झाले. पाऊल मात्र पास झालं. तुळजाबाई कंबर धरून उठल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "राव, परवाची अमावास्या संपू द्या. तेरवा सकाळी नारळ-सुपारी."

दुपारी आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. अक्का आत कॉफी करत होती आणि गुणगुणत होती. पद्मनाभ खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचण्याचं नाटक करत होता. मी वही उघडून सहाव्या ठिकाणापुढे खूण करत होते. तुळजाबाईंचं माझ्याकडे पहिल्यांदाच लक्ष गेलं.

"काय लिहितेस गे? दाखव." त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली. "अगे, किती सुंदर अक्षर! राव, ही तुमची धाकटी का? हिला आत्ताच मागून ठेवते बघा." सगळे हसले. "आणिक काय लिहिलंस?"

हे मी आता नीट लिहिते, कारण पुढे घरात याची वेगवेगळी रूपं झाली. कुणी म्हणालं, म्हातारीनं वही हिसकावली. कुणी म्हणालं, वाऱ्यानं पान उलटलं. वारा नव्हता. पान मी उलटलं. सामानाची यादी ठिकाणांच्या यादीपेक्षा जास्त देखणी झाली होती, रकाने आखलेले, शाई कुठेही फुटलेली नाही, आणि ती त्यांनी पाहावी असं मला वाटलं.

तुळजाबाईंना वाचता यायचं, पण अक्षर लावून लावून. त्या मोठ्यानं वाचायच्या. "बारा. फणी, अम्माची, केसांस. तेरा. पंचा, अण्णांचा, स्नानास." अण्णांच्या नियमानुसार प्रत्येक वस्तू कुणाची आणि कशासाठी ते मी लिहिलेलं होतं. "चौदा. धो-त-ऱ्या-ची पानं. अक्काची. धुरीस. दम लागल्यास."

आतलं गुणगुणणं थांबलं.

"दम लागल्यास?" तुळजाबाईंनी पुन्हा वाचलं.

अण्णा हसले. त्या हसण्याची मला त्या ओशट खांबांपेक्षा, पिकदाणीपेक्षा जास्त किळस आली, आणि ते माझे वडील होते. "सर्दी हो. स्वल्प सर्दी होते तिला, थंडीत. आमच्याकडे हवा जरा..."

"राव, सर्दीस धोतरा जाळतात?"

अक्का दारात आली होती, हातात कॉफीचा तांब्या. "सर्दी नाही," ती म्हणाली. "दमा आहे. लहानपणापासून. इथं आल्यापासून एकदाही झाला नाही. जिने तुम्हीच चढवलेत ना मला? इथं राहिले तर मी बरी होईन." मग ती पद्मनाभकडे वळली. "तुम्ही शास्त्र शिकवता. सांगा की यांना."

त्यानं चष्मा काढला आणि तो धोतराच्या सोग्यानं पुसायला लागला. एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली पुसली. मी आयुष्यात पुष्कळ भेकड माणसं पाहिली, काहींच्या हाताखाली नोकरीही केली, पण चष्मा पुसणारा माणूस दिसला की मी अजून खोलीतून उठून जाते.

"म्हणजे सून नव्हे," तुळजाबाई म्हणाल्या, "आजारी माणूस आणून आम्ही वारा घालायचा. बरं सुचलं तुम्हां बेंगळूरकरांस. आणि उद्या दमा मणता मणता क्षय निघाला मणजे?"

त्यांनी आवाज चढवला नाही, हे सगळ्यांत वाईट. त्या उठल्या. अक्का सकाळी ज्या पेल्यातून पाणी प्यायली होती तो माजघरात पालथा होता. त्यांनी तो चिमट्यानं उचलला, निखारा उचलतात तसा, आणि आमच्या देखत ओसरी ओलांडून बाहेर मोरीच्या काठावर, खरकट्याशेजारी नेऊन ठेवला. मग अंगणात बसून घरातली बाकीची भांडी काढली आणि चिंच आणि राख घेऊन एकेक घासायला घेतली. तीन दिवस ज्या वाट्यांतून आम्ही ताक प्यायलो त्या. खर्र, खर्र, तो आवाज आणि आंबट वास, आणि मधे मधे पिंक टाकायची. ज्या बाईनं थुंकून भाताला हात लावला ती आमचं उष्टं धूत होती. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, त्यामुळे रात्रीचं जेवण तिथंच झालं. पानं मांडताना अक्काचं पान उंबऱ्याच्या पलीकडे मांडलेलं होतं. अम्मानं स्वतःचं पान उचललं आणि अक्काशेजारी नेऊन ठेवलं. मग मी नेलं. अण्णा होते तिथंच जेवले. त्यांचं म्हणणं होतं की भांडण वाढवण्यात अर्थ नाही.

सकाळी निघताना अण्णांनी सवयीप्रमाणे माझ्या हातातली वही घेतली आणि सामान तपासायला सुरुवात केली. एक, वळकटी. दोन, फिरकीचा तांब्या. बारा, फणी. तेरा, पंचा. मग ते थांबले. अक्कानं पानांची पुडी पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "चौदा. आहेत, अण्णा. लागतील आता."

घोड्याच्या जटक्यानं आम्ही स्टेशनाकडे निघालो. रस्ता थोडा वेळ किनाऱ्याच्या कडेनं जायचा. उद्या अमावास्या होती. यादीतलं सातवं राहून गेलं होतं. अक्कानं जटकेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "निल्सी," थांबवा, असं ती त्याला कन्नडमध्येच म्हणाली, आणि त्याला ते समजलं. ती उतरली. अंगावर जांभळं लुगडं होतं, परवाच्या नारळ-सुपारीसाठी काढून ठेवलेलं. आता दुसरं कुठलं नेसावं याचा तिनं विचारच केला नसावा. मासळीच्या चटया, घाण, जाळी, सगळ्यांतून सरळ रेषेत चालत ती ओल्या वाळूपर्यंत गेली आणि तिथं थांबली नाही.

"अगं वत्सले!" अम्मा ओरडली. तिनं अक्काला नावानं हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली. "आज पर्व नाही! समुद्र बाटेल!"

अक्का कमरेएवढ्या पाण्यात होती. तिनं मागे वळून पाहिलं. "बाटू दे की. तुळजाबाई घासून घेतील चिंचेनं."

आणि अम्मा, जी तीन दिवस पदर चावत होती, ती जटक्याचा दांडा धरून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. अण्णा खिशातलं घड्याळ काढून उभे होते. "गाडी आहे," ते म्हणत होते, "गाडी आहे, सांगा कुणीतरी तिला." कुणी सांगितलं नाही. लाटा अक्काच्या डोक्यावरून जात होत्या आणि प्रत्येक लाट गेली की तिचं डोकं वर यायचं आणि ती तोंड उघडून, घाई न करता, श्वास घ्यायची. मी मोजत होते, मला सवयच होती. तेवीस वेळा. मग ती निथळत परत आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "खूण कर कुसू. सातवं झालं." तिनं माझी पेन्सिल धरलेली मूठ आपल्या ओल्या मुठीत घेतली आणि आम्ही दोघींनी मिळून खूण केली. त्या पानावर अजून पाण्याचा डाग आहे.

त्यानंतर ती मला त्या यादीबद्दल कधी बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. बोलली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

गाडीत तिचं लुगडं अंगावरच वाळलं आणि जांभळ्यावर मिठाचे पांढरे काठ उमटले. डब्यातल्या बायका वासानं सरकून बसल्या. मला वास आला नाही. तो मला परत कधीच घाण वाटला नाही. दिवसभर ती खिडकीशी बसून शेंगा खात होती. शेवटची गाडी बदलली, जोलारपेट सुटलं, इंजिन चढाला लागलं, आणि खिडकीतून आमच्या मुलखाची ती कौतुकाची गार हवा आत आली. सगळा डबा म्हणाला, वा. मी अक्काकडे बघत होते. तिनं खिडकी लावून घेतली. कुप्पम यायच्या आधी पेटीचा पहिला सूर ऐकू आला, अगदी बारीक. अम्मानं पिशवीत हात घातला.

अक्कासाठी पुन्हा स्थळ पाहिलं नाही. तिनंच पाहू दिलं नाही. आनेकलच्या शाळेत तिनं नोकरी धरली, बसनं जायची यायची, तीन उशा लावून बसून झोपायची. समुद्राच्या गावी बदली मागावी म्हणून मी तिला मोठेपणी कितीदा सांगितलं. ती म्हणायची, आता सवय झाली गं. सेहेचाळीसाव्या वर्षी, धनुर्मासातल्या एका सकाळी, गल्ली पोंगल आणायला गेलेली असताना ती पेटी बंद झाली. लोक भेटायला आले आणि बसल्या बसल्या हवेचं कौतुक करून गेले.

मुलीसाठी यादी केली आहे. किल्ला, वेस, चर्चं, दफनभूमी, बंगला आणि देऊळ, त्यातलं समुद्रानं काही ठेवलं असेल तर. कुठं काय खायचं, उन्हाची टोपी, पायात काय घालायचं, सगळं लिहिलं. पण क्रम बदलला आहे. सातवं पहिलं केलं. त्यापुढे, अण्णांच्या नियमाप्रमाणे, कुणी आणि कशासाठी ते लिहिलं: समुद्रात उतरणे. सर्वांनी. श्वास घेण्यास. पोचल्याबरोबर, तिथी न पाहता.